फिलिप्स एक्सिटर अकॅडमी: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी दिवाळी आटोपली की फोन सुरू होतात. पुण्याहून, नाशिकहून, कधी न्यू जर्सीहून. "ताई, तुमची भाची एक्सिटरला होती ना? जरा माहिती हवी होती." एक्सिटर म्हणजे अमेरिकेतली नववी ते बारावीची निवासी प्रेप स्कूल. मी त्या शाळेची ना प्रतिनिधी, ना प्रवेशाची सल्लागार. बॉस्टनच्या उत्तरेला राहते. भाची तिथे चार वर्षं वसतिगृहात होती आणि तिची जवळ राहणारी मावशी मीच, त्यामुळे आणणं-सोडणं, पालकसभा, आजारपण या सगळ्यासाठी माझ्या खेपा झाल्या. शाळेवर जीव जडला, मग तिचा इतिहासही वाचत गेले. तीच तीच उत्तरं फोनवर घाईत देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

'प्रेप स्कूल' म्हणजे नेमकं काय? क्लासेससारखं काही?

नाही. महाराष्ट्रात अकरावीला गेलं की आपण 'कॉलेजला गेला' म्हणतो, त्यामुळे घोळ होतो. अमेरिकेत नववी ते बारावी ही चार वर्षं हायस्कूलची. या चार वर्षांत मुलांना विद्यापीठातल्या अभ्यासासाठी तयार करणारी शाळा म्हणजे कॉलेज प्रिपरेटरी, थोडक्यात प्रेप स्कूल. तयारी म्हणजे एखाद्या प्रवेश परीक्षेची घोकंपट्टी नव्हे. लातूर पॅटर्न डोळ्यांसमोर आणून इथे आलात तर पहिल्याच आठवड्यात गोंधळून जाल. आणखी एक, इंग्लंडमध्ये प्रेप स्कूल म्हणतात ती लहान मुलांची शाळा. ती वेगळी.

'स्वतंत्र' शाळा म्हणजे खासगीच ना?

खासगी, पण कोणाच्या मालकीची नाही. सरकार चालवत नाही आणि नफाही कोणी घरी नेत नाही. विश्वस्त मंडळ, देणग्या, फी आणि साठवलेला निधी यांवर ती चालते. काय शिकवायचं, कसं शिकवायचं, हे शाळाच ठरवते.

शाळा किती जुनी आहे? कोणी काढली?

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एक्सिटर गावी डॉ. जॉन फिलिप्स आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांनी ती स्थापन केली. सनदेची तारीख ३ एप्रिल १७८१. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध अजून चालू होतं. आपल्याकडे त्याच महिन्यात जनरल गॉडर्ड बोरघाटातून मागे हटत होता आणि पुण्यात नाना फडणवीस कारभार पाहत होते. एकाच इंग्रज सत्तेशी दोन टोकांना झुंज चालू असताना या जोडप्याला शाळा काढावीशी वाटली, हे मला दर वेळी नव्याने भिडतं.

प्रत्यक्ष वर्ग १७८३ मध्ये सुरू झाले, ५६ मुलांनिशी. फिलिप्स हे हार्वर्डचे पदवीधर, आधी शिक्षक आणि मग व्यापारी. त्यांच्या दानपत्रातलं एक वाक्य शाळेत आजही पाठ असतं. त्याचा भाव असा: ज्ञानाविना चांगुलपणा दुबळा असतो, पण चांगुलपणाविना ज्ञान धोक्याचं, दोन्ही एकत्र आले तरच माणूस जगाच्या उपयोगी पडतो. शाळा 'सर्व दिशांकडून येणाऱ्या' लायक मुलांसाठी खुली राहील, असंही त्यांनी लिहून ठेवलं. शाळेच्या मुद्रेवर मधमाश्यांचं पोळं आहे आणि 'नॉन सिबी' हे लॅटिन शब्द. म्हणजे, स्वतःसाठी नव्हे.

अँडोव्हर आणि एक्सिटर एकच का?

नाही, पण घराणं एकच. जॉन फिलिप्स यांचे पुतणे सॅम्युएल यांनी १७७८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये अँडोव्हरची शाळा काढली, तिलाही काकांचं आर्थिक बळ होतं. दोन्ही शाळांच्या खेळाडूंमध्ये १८७८ पासून सामने होतात. त्या दिवशी गावात लाल-करडे स्कार्फ दिसतात आणि एरवी मवाळ वाटणारी मुलं घसा बसेपर्यंत ओरडतात.

ते प्रसिद्ध गोल टेबल काय आहे?

गोल नाही, लंबगोल. आणि शाळा कळायची तर तेच समजून घ्यायला हवं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

१९३० पर्यंत इथेही वर्ग आपल्यासारखेच होते. बाकांच्या रांगा, पंचवीस-तीस किंवा त्याहून जास्त मुलं, शिक्षक विचारणार आणि मुलगा उभं राहून पाठ म्हणून दाखवणार. एडवर्ड हार्कनेस हे स्टँडर्ड ऑइलच्या संपत्तीचे वारसदार. मुख्याध्यापक लुईस पेरी यांच्याशी त्यांची मैत्री होती. त्यांनी देणगी द्यायची इच्छा दाखवली, पण अट घातली: शिकवण्याची रीतच मुळापासून बदलेल असं काही सुचवा. एप्रिल १९३० मधल्या पत्रात त्यांनी आपली कल्पना मांडली. मोजकी मुलं शिक्षकासोबत एका टेबलाभोवती बसतील, शिक्षक त्यांच्याशी बोलेल आणि सरासरी किंवा त्याखालच्या मुलालाही तोंड उघडावंसं वाटेल. त्यासाठी त्यांनी ५८ लाख डॉलर दिले. पैसा मुख्यतः जास्त शिक्षक नेमायला लागला, कारण वर्ग लहान करायचे तर शिक्षक वाढणारच. तेव्हापासून एका टेबलाभोवती साधारण बारा मुलं आणि एक शिक्षक.

एका रविवारी रिकाम्या वर्गात मी त्या टेबलापाशी बसले. जाड लाकूड, कडा वर्षानुवर्षांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेल्या. कडेखाली बोटं घातली की एक फळी सरकून बाहेर येते. लेखी परीक्षेच्या दिवशी मुलं ती ओढतात आणि थोडं मागे बसून लिहितात. एरवी सगळे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. मागचा बाक नाहीच. लपायला जागा नाही आणि पुढे पुढे करायला पहिली रांगही नाही.

भाचीनं पहिल्या सत्रात मला एक कागद दाखवला होता. काही शिक्षक चर्चा चालू असताना तिचा नकाशा काढतात: एक लंबगोल, भोवती मुलांची नावं, आणि कोण कोणाला उद्देशून बोललं त्याच्या रेषा. बाकीच्यांच्या रेषा जाळ्यासारख्या एकमेकांत गुंतलेल्या. हिच्या नावापासून निघालेल्या रेषा भरपूर होत्या, पण सगळ्या शिक्षिकेकडे जाणाऱ्या. एकही शेजारच्या मुलाकडे नव्हती. उत्तर बाईंना द्यायचं, ही आपल्या शाळांची सवय तिच्या हाडीमासी मुरलेली. बाईंनी खाली एवढंच लिहिलं होतं की पुढच्या तासाला माझ्याकडे बघू नकोस. वसंतात तिनं दुसरा नकाशा आणला. त्यात तिची बोलणी निम्म्यावर आली होती आणि रेषा टेबलभर पसरल्या होत्या. मी तो कागद जपून ठेवलाय.

माझा मुलगा अबोल आहे. तो तिथे टिकेल का?

हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात. त्यांना मी डॅनियल वेबस्टरची गोष्ट सांगते. १७९६ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो शेतकऱ्याचा मुलगा इथे काही महिने शिकला. सगळा अभ्यास जमायचा, फक्त सगळ्यांसमोर भाषण म्हणणं जमायचं नाही. नाव पुकारलं, सगळ्यांच्या नजरा वळल्या आणि त्याला जागेवरून उठताच आलं नाही. खोलीवर जाऊन तो रडला. हे त्यानंच पुढे आत्मकथनात लिहिलंय. हाच वेबस्टर अमेरिकेच्या सिनेटमधला आपल्या काळचा सर्वांत मोठा वक्ता झाला.

शिवाय टेबलावर फक्त बोलणाऱ्याची किंमत होत नाही. दुसऱ्याचं म्हणणं नीट ऐकून "तू मघाशी म्हणालास त्यात एक अडचण आहे" असं शांतपणे म्हणणारं मूल तिथे फार मानलं जातं. अबोल मुलं बहुधा आधीपासूनच चांगली ऐकणारी असतात. मात्र मूल बोलायला लागेपर्यंतचे दोन-तीन महिने कठीण जातात, त्याची तयारी घरच्यांनी ठेवावी.

चर्चा भाषेच्या तासाला ठीक, गणिताला काय करतात?

गणितालाही तेच टेबल. नेहमीचं पाठ्यपुस्तक नसतं. शिक्षकांनीच रचलेले प्रश्नसंच असतात, आणि त्यात 'प्रकरण पाचवे, वर्गसमीकरणे' असं काही नसतं. भूमिती, बीजगणित सगळं एकमेकांत विणलेलं. एखादी नवी कल्पना आधी साध्या उदाहरणात दबक्या पावलांनी येते, आठवडाभराने पुन्हा डोकावते, आणि मग एके दिवशी मुलाला स्वतःलाच सूत्र सापडतं. मुलं घरून सोडवून आणलेली गणितं फळ्यावर मांडतात. चुकलेलं गणित मांडायलाही कोणी लाजत नाही, उलट त्यावरच जास्त वेळ जातो.

हे प्रश्नसंच शाळेच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत मिळतात. प्रवेश घ्यायचा नसला तरी उतरवून घ्या. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगलीत चार मुलं जेवणाच्या टेबलाभोवती बसवून ते सुरू केले आणि ते काम छान चाललंय.

लिंकनचा मुलगा इथे होता, हे खरं?

खरं. रॉबर्ट लिंकन १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत सपाटून नापास झाला, म्हणून वर्षभर एक्सिटरला राहिला. पुढच्या वर्षी वडील न्यूयॉर्कमधलं ते गाजलेलं कूपर युनियनचं भाषण आटोपून लेकाला भेटायला इकडे आले आणि ३ मार्च १८६० ला गावच्या टाउन हॉलमध्ये बोलले. तो हॉल अजून उभा आहे. त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

मला त्याहून जवळची वाटते ती लेथमची गोष्ट. जॉर्ज लेथम हा रॉबर्टचा स्प्रिंगफील्डचा मित्र, एक्सिटरला सोबत होता. १८६० च्या उन्हाळ्यात रॉबर्टला हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, जॉर्जला नाही. निवडणुकीच्या धामधुमीत असलेल्या लिंकननी त्या पोराला पत्र लिहिलं: तू नापास झाल्याचं कळून आयुष्यात क्वचितच झालं असेल इतकं दुःख झालं, पण खचू नकोस, तू ठरवलंस तर होणारच. ज्या घरात निकाल मनासारखा लागलेला नाही, तिथे मी हे पत्र वाचून दाखवते.

शाळा फक्त श्रीमंत गोऱ्या मुलांची होती ना?

पुष्कळ काळ बहुतांश तशीच होती, ते झाकण्यात अर्थ नाही. तरी काही प्रसंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एकोणिसाव्या शतकात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला काढून टाका, नाहीतर आम्ही जातो, असं काही गोऱ्या मुलांनी मुख्याध्यापक गिडियन सोल यांना बजावलं. सोल म्हणाले, तो राहणार, तुम्हाला काय करायचं ते करा.

मुलींना मात्र १९७० पर्यंत थांबावं लागलं. मुख्य इमारतीच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलेलं होतं, 'मुलांनो, पुरुष होण्यासाठी इकडे या.' मुली आल्यावरही पाव शतकाहून जास्त काळ त्या त्याच ओळीखालून ये-जा करत राहिल्या. १९९६ मध्ये तिथे दुसरी ओळ आली: 'मुला-मुलींनो, इथे चांगुलपणा आणि ज्ञान शोधा.' जुनी ओळ पुसली नाही, नवी जोडली. भाचीच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघी त्या दाराखाली उभ्या राहून मान वर करून वाचत होतो. १९८७ मध्ये केंड्रा स्टर्न्स ओ'डॉनेल या शाळेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या.

ग्रंथालयाबद्दल एवढं का बोलतात?

कारण ते लुई कान यांनी बांधलंय, अहमदाबादच्या आयआयएमचे तेच वास्तुकार. ज्यांनी अहमदाबादच्या त्या विटांच्या भिंती पाहिल्यात त्यांना इथे ओळखीचं वाटेल. बाहेरून साधी विटांची चौकोनी इमारत, आजूबाजूच्या जुन्या इमारतींशी मिळून-मिसळून असलेली. आत पाऊल टाकलं की चारही बाजूंना काँक्रीटची प्रचंड वर्तुळं आणि त्यांतून दिसणारी मजल्यांमागून मजल्यांवरची पुस्तकं. अंधाऱ्या मंडपातून एकदम उंच शिखराखाली आल्यावर होतं तसं होतं.

पण मुलांची जागा मध्यभागी नाही, कडेला आहे. कान यांचं म्हणणं होतं की माणूस पुस्तक घेतो आणि उजेडाकडे जातो. म्हणून बाहेरच्या भिंतीलगत लाकडी अभ्यासिका आहेत, प्रत्येकीला स्वतःची छोटी खिडकी, आणि खिडकीला सरकवायची लाकडी झडप. उजेड नको झाला, बाहेर मैदानावर मित्र दिसून मन चळायला लागलं, की झडप लावायची. नोव्हेंबर १९७१ मध्ये इमारत तयार झाली तेव्हा एक दिवस वर्गांना सुट्टी देऊन मुलांनी आणि शिक्षकांनी जुन्या ग्रंथालयातली पुस्तकं स्वतः वाहून आणली.

मुलांचा दिवस कसा जातो?

भरगच्च. नववीची मुलं 'प्रेप', मग 'लोअर', 'अप्पर' आणि शेवटी 'सीनियर'. एकूण विद्यार्थी अकराशेच्या आसपास, पाचातले चार वसतिगृहात. वर्षाची तीन सत्रं, काही शनिवारीही वर्ग. दुपारी खेळ असतोच, कारण तो अभ्यासाचाच भाग. भाचीनं कधी वल्हं हातात धरलं नव्हतं, ती नौकानयनाला गेली आणि हाताला घट्टे पाडून आली. संध्याकाळी मंडळं. वादविवादाची परंपरा १८१८ पासूनची, आणि मुलांचं वृत्तपत्र 'द एक्सोनियन' १८७८ पासून निघतंय. रात्री ठरलेल्या वेळी वसतिगृहात हजेरी. वसतिगृहात शिक्षकही आपल्या कुटुंबासह राहतात, त्यामुळे जिन्यात कोणाचं तरी बाळ रांगताना दिसतं आणि घरापासून लांब असलेल्या पोरांना तेवढ्याने बरं वाटतं.

सीनियर वर्षी इंग्रजीच्या तासाला प्रत्येक जण 'मेडिटेशन' लिहितो. ध्यानधारणा नव्हे, स्वतःच्या आयुष्यातल्या एखाद्या गोष्टीवर मनापासून लिहिलेला दीर्घ लेख. काही लेख शाळेच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचले जातात. भाचीनं आजीच्या जात्यावर लिहिलं होतं. 'जातं' या शब्दाला तिनं इंग्रजी शब्द शोधलाच नाही, तसाच ठेवला.

जेवणाचं काय?

शाकाहारी पदार्थ मिळतात. वरण-भाताची आठवण येणारच. सुट्टीला आमच्याकडे आली की पहिल्या ताटात मेतकूट-भात आणि वर तूप, हे ठरलेलं.

मूल सुरक्षित राहील का?

हे विचारलंच पाहिजे, आणि शाळेलाही थेट विचारा. पूर्वीच्या दशकांत इथल्या शिक्षकांकडून विद्यार्थ्यांवर लैंगिक गैरवर्तन झाल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. शाळेनं ते जाहीरपणे मान्य केलं आणि बाहेरच्या वकिलांकरवी चौकशी केली. ज्या मुलांवर तो प्रसंग आला त्यांना किती वर्षं गप्प राहावं लागलं, हे वाचून मी हादरले होते. म्हणून माझा आग्रह असा, की निवासी शाळा कोणतीही असो, तक्रार कोणाकडे करायची, मूल रात्री दोन वाजता कोणाचं दार ठोठावू शकतं, हे प्रवेशाआधी मुलाला स्वतःला माहीत असायला हवं.

फी आपल्याला झेपेल का?

वसतिगृहासकट वर्षाला ७०,००० डॉलरच्या घरात. आकडा ऐकून बहुतेक फोन इथेच थांबतात, म्हणून पुढचं नीट वाचा. शाळेचा निधी एक अब्ज डॉलरहून मोठा आहे आणि त्यातून बरीच मदत दिली जाते. २००७ मध्ये शाळेनं जाहीर केलं की ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ७५,००० डॉलर किंवा कमी, त्या घरातल्या मुलाला फी नाही. ही मर्यादा नंतर वाढवली. २०२१ मध्ये, अर्ज निवडताना घरची ऐपत पाहणार नाही, असंही ठरलं. मदतीचा अर्ज वेगळा असतो आणि तो प्रवेशाच्या अर्जासोबतच करायचा. "आधी प्रवेश मिळू दे, मग बघू" असं करू नका.

इथे शिकलं की हार्वर्ड नक्की ना?

नाही. एके काळी इथून तिकडे जाणारी वाट बरीच सरळ होती, आता तशी राहिलेली नाही. मार्क झुकरबर्ग २००२ मध्ये इथून बाहेर पडून हार्वर्डला गेला, म्हणून आपलं मूलही जाईल असा हिशेब मांडू नका. एवढ्या हुशार मुलांत आपलं मूल चारचौघांसारखं ठरू शकतं, आणि पहिल्या सत्राचे गुण बघून भल्याभल्यांच्या घरी शांतता पसरते. केवळ त्यासाठी पंधराव्या वर्षी मुलाला घरापासून तोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाची हार्वर्डला गेली नाही. पण आज ती कुठल्याही बैठकीत समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देते, आणि हे तिच्या आईला सगळ्यात आधी जाणवलं.

अर्जाची वेळ कोणती?

पुढच्या सप्टेंबरसाठी जानेवारीच्या मध्यापर्यंत अर्ज, निकाल मार्चमध्ये. अर्जात मुलाचे आणि पालकांचे लेख, शिक्षकांची पत्रं, मुलाखत. मुलाचा लेख मुलालाच लिहू द्या. काकांनी सुधारलेलं इंग्रजी तीन ओळींत ओळखू येतं.

नुसतं पाहायला जाता येईल?

जरूर. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनहून 'डाउनईस्टर' गाडी थेट एक्सिटरला थांबते, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. स्टेशनपासून शाळा चालत गाठता येते. वाटेत टाउन हॉल पाहा, नदीकाठी थोडं बसा. ग्रंथालयात गेलात तर खालूनच फोटो काढून परतू नका, वरच्या मजल्यावर जा. पश्चिमेकडची एखादी अभ्यासिका रिकामी असेल तर दुपारी उशिरा तिथे बसा आणि झडप अर्धी उघडी ठेवा. भाचीची जागा तिसऱ्या मजल्यावर होती, खिडकीतून मेपलचं एक झाड दिसायचं.